शून्य ते शंभरच्या पुढचेही छापा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्पोर्ट्‌स कारच्या परीक्षणात दोन आकडे हटकून असतात. शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरला गाडी किती सेकंदांत पोचते, आणि तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स किती मिलिसेकंदांत गिअर बदलतो. वाचणाऱ्याचा समज होतो की क्लचचे पेडल गेले म्हणजे अर्धे काम गेले. रेस ट्रॅकवर जायचे, स्टीअरिंगमागची पॅडल ओढायची, बाकीचे गाडी बघून घेईल. ट्रॅकवर या दोन्ही आकड्यांचा उपयोग फारच थोडा. तिथे हौशी चालकाची गाडी शून्यावरून सुटत नाही, पिट लेनमधून (ट्रॅकलगतच्या थांब्याच्या मार्गिकेतून) चालतीच बाहेर पडते. आणि गिअर किती चटकन बदलतो यापेक्षा दहाव्या लॅपलाही (फेरीलाही) तो तसाच बदलतो का, हे पाहायचे असते. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी आणि अशी गाडी घेऊन पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्यांनी काय पाहावे, यासाठी हे पत्र.

ड्युअल क्लचला आळशांचे यंत्र म्हणणाऱ्यांनी आधी त्याचे कूळ पाहावे. पोर्शने १९८० च्या दशकात तो ९६२ या रेस कारमध्ये बसवला आणि १९८६ मध्ये इटलीतल्या मोंझाला हान्स-योआकिम श्टुक व डेरेक बेल यांनी त्या गाडीतून शर्यत जिंकली. सामान्य ग्राहकापर्यंत तो पोचला २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून. पोर्शच्या २०१३ च्या ९११ जीटी३ ला तर मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नव्हता.

रचना अशी. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसऱ्यात वेग वाढत असताना संगणक चौथा आधीच जोडून ठेवतो. पॅडल ओढले की एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि चाकांकडे जाणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मध्ये तुटत नाही. पण ही चपळाई अंदाजावर उभी आहे. ब्रेक दाबला की संगणक खालच्या गिअरची तयारी करतो. त्याच क्षणी तुम्ही वरचा मागितलात, तर केलेली जोडणी सोडवून नवी करावी लागते आणि बदल सहज जाणवेल इतका लांबतो. चौथ्यावरून थेट दुसरा हवा असेल तरी तीच अडचण, कारण दोन्ही एकाच क्लचवर. मध्ये सहसा तिसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. ‘गिअरबॉक्स अडखळतो’ या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ यात असते.

सर्वाधिक चुका होतात त्या वळणाआधी गिअर उतरवताना. मॅन्युअल गाडीत डावा पाय क्लचवर आणि उजवी टाच ॲक्सिलरेटरवर गुंतलेली असल्यामुळे चालक आपोआप थोडा वेळ घेतो. इथे बोटाशिवाय काहीच हलवायचे नसते, म्हणून ब्रेकला पाय लागताच डावे पॅडल टकटक ओढले जाते. गणित करून पाहू. समजा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४० आहे, दुसऱ्याचे २.०० आणि लाल रेषा, म्हणजे इंजिनाची वेगमर्यादा, ७,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर). तिसऱ्यात ५,५०० असताना दुसरा मागितला तर इंजिनाला सुमारे ७,८५० वर जावे लागेल. संगणक नकार देतो. एक ‘टिंग’ होते किंवा नुसतीच शांतता. चालकाला वाटते पॅडल नीट ओढले गेले नाही, तो पुन्हा दोनदा ओढतो. तोवर वेग उतरलेला असतो, दोन मागण्या पाठोपाठ मान्य होतात आणि वळणाच्या तोंडाशी गाडी पहिल्यात जाऊन पडते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर स्टीअरिंग वळवताना मागून घसरायला एवढे पुरते. तेच ५,००० वर मागितले असते तर इंजिन ७,१५० च्या आसपास गेले असते आणि गिअर विनातक्रार पडला असता.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ब्रेक, पहिल्या क्षणापासून जोरात. वेग बराचसा उतरला की पहिले पॅडल. इंजिनाचा हुंकार ऐकू आला, गिअरचा आकडा बदलला, की दुसरे. शेवटचा गिअर स्टीअरिंग वळवण्याआधी पडलेला हवा. गिअर उतरवायचा तो वळणातून बाहेर पडताना योग्य आरपीएम मिळावेत म्हणून. गाडी थांबवण्याचे काम ब्रेकचे. काही गाड्यांत डावे पॅडल दाबून धरले की वेग उतरेल तसे गिअर एकेक करून आपोआप खाली येतात. ही सोय असेल तर नवख्याने जरूर वापरावी, त्यात कमीपणा नाही.

वर जाताना चूक उलटी होते. लिमिटर (इंजिनाचा वेग लाल रेषेवर रोखणारी यंत्रणा) लागेपर्यंत चालक वाट पाहतो. इंजिनाचा काटा डोळ्याला दिसणे, मग मेंदू, मग बोट, एवढ्यात खालच्या गिअरमध्ये इंजिन दोन-तीनशे आरपीएम चढून गेलेले असते. पहिल्या-दुसऱ्यात पॅडल तेवढे आधी ओढावे. टर्बो इंजिनाचा जोर बऱ्याचदा लाल रेषेच्या आधीच ओसरतो, तिथे शेवटपर्यंत ताणून पदरात काही पडत नाही. पूर्ण झुकलेल्या वळणात गिअर बदलणे शक्यतो टाळावे. टॉर्क तुटत नसला तरी बदलतो, आणि काही गाड्या त्यांच्या सर्वांत तीव्र मोडमध्ये मुद्दाम एक धक्का देतात. कोरड्यात तो मजेचा वाटतो, ओल्यात मागची चाके सोडवतो.

डी (गिअर गाडीने बदलायचे) की एम (पॅडलने आपण बदलायचे), हा वाद लोक तावातावाने घालतात. आमचे मत: पहिली दोन सत्रे स्पोर्ट मोडमधल्या ऑटोमॅटिकवरच काढावीत. हा मोड ब्रेकचा जोर आणि वळणातला बाजूचा ताण मोजून गिअर धरून ठेवतो. चालकाने त्या वेळात वळणातून जाण्याची रेषा शिकावी, ब्रेक कुठे दाबायचा ते शिकावे, झेंडे दाखवणारे मार्शल कुठे उभे असतात ते पाहून ठेवावे. साधा डी मात्र कधीच नको. तो इंधन वाचवायला बनलेला आहे; वळणात पाय सैल पडला की वरचा गिअर टाकतो आणि बाहेर पडताना इंजिन झोपलेले सापडते. ट्रॅक पाठ झाला की एम घ्यावा, कारण संगणकाला पुढचे वळण दिसत नाही, तुम्हाला दिसते. त्याआधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दोन गोष्टी शोधाव्यात. एममध्ये लाल रेषेवर गाडी स्वतः गिअर चढवते की लिमिटरवर तशीच राहते? आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबला की पेडलखालचे किकडाउनचे बटण लागून एममध्येही गिअर उतरतो का? दुसरी गोष्ट ठाऊक नसेल तर वळणातून बाहेर पडताना नको तेव्हा गिअर पडतो.

पॅडल स्टीअरिंगबरोबर फिरतात की कॉलमला स्थिर असतात, हेही पाहावे. निसान जीटी-आर मध्ये ती आधी कॉलमवर होती, २०१७ च्या मॉडेलपासून स्टीअरिंगवर आली. फिरणारी असतील तर अरुंद हेअरपिन वळणात उजवे-डावे उलटे होते, म्हणून तिथला गिअर आधीच उरकावा.

डावा पाय रिकामा आहे म्हणून त्याने ब्रेक दाबण्याचा मोह होतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की संगणक इंजिनाचा जोर काढून घेतो. शिवाय वर्षानुवर्षे क्लच दाबलेल्या पायाला नाजूकपणा माहीत नसतो. तो पाय डेड पेडलवर (डाव्या पायाच्या स्थिर टेक्यावर) घट्ट रोवून अंग सावरायला वापरावा, हात आपोआप मोकळे होतात.

आता उष्णता, जिच्याबद्दल परीक्षणांत अक्षरही नसते. क्लच घसरतो तेव्हा टॉर्क आणि दोन बाजूंच्या वेगांतला फरक यांच्या गुणाकाराएवढी उष्णता दर सेकंदाला तयार होते. शिवाय दात, बेअरिंग, तेल घुसळणे आणि पंप यांची भर सतत चालू. ओल्या क्लचमध्ये तेल ती उष्णता कूलरकडे नेते. कोरड्या क्लचमध्ये फक्त धातूचे वस्तुमान आणि आजूबाजूची हवा. म्हणून कोरडा प्रकार लहान इंजिनांना जोडला जातो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, सहा गिअरच्या ओल्या डीक्यू२५० ची ३५०. कोरडा क्लच असलेली गाडी ट्रॅकवर नेलीच तर सत्रे निम्मी करावीत.

तेल फार तापले की आधी गिअर बदलण्यातली धार जाते, मग पडद्यावर इशारा येतो, त्याकडेही दुर्लक्ष केले तर संगणक टॉर्क कापतो आणि शेवटी क्लच उघडून टाकतो. पहिल्या खुणेला लॅप सोडावी, पण लगेच पिटमध्ये घुसून इंजिन बंद करू नये. वरच्या गिअरमध्ये, मागच्यांना वाट देत, एक-दोन लॅप सावकाश फिरावे. क्लच पूर्ण पकडलेला असतो, कूलरला वारा मिळतो, पंप चालू असतो. सगळ्यात वाईट म्हणजे पिट लेनच्या रांगेत गाडी ब्रेकवर अर्धवट सरकवत राहणे: क्लच किंचित पकडलेला, हवा शून्य. थांबायचे तर ब्रेक पूर्ण दाबावा, त्याने बऱ्याच गाड्यांत क्लच सुटतो. लांब थांबायचे असेल तर एन (न्यूट्रल).

लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून पूर्ण जोराने सुटण्याची सोय) ट्रॅक डेला, म्हणजे हौशींच्या ट्रॅकवरच्या दिवसाला, लागतच नाही. उभ्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण ॲक्सिलरेटर, मग ब्रेक सोडायचा, या दोन-तीन सेकंदांत क्लच शब्दशः भाजून निघतो. करायचेच असेल तर तेल गरम झाल्यावर, गाडी सरळ उभी असताना, आणि दोन लाँचमध्ये काही किलोमीटर निवांत चालवून.

गाडी गरगर फिरलीच तर ब्रेक पूर्ण दाबून धरावा. क्लचचे पेडल शोधणारा डावा पाय ब्रेकवर पडला तरी इथे बिघडत नाही. काही गाड्यांत दोन्ही पॅडल एकदम ओढली की क्लच उघडतात. आपल्या गाडीत ते आहे का, हे उभ्या गाडीत आधी तपासावे. गाडी मागे घरंगळत असताना डीमध्ये ॲक्सिलरेटर देऊ नये, आधी थांबवावी. खडीत रुतली तर पुढे-मागे हेलकावे देत बसू नये. सारे ओझे क्लचवर येते. टो हुक (गाडी ओढून नेण्यासाठीचा हुक) सत्राआधीच लावून ठेवावा. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, त्यामुळे इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून लांब ओढत नेणे टाळावे.

ब्रेकचे थोडक्यात. डॉट ४ फ्लुइड नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पाणी शोषलेले १५५ ला, डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. जुने फ्लुइड घेऊन गेलात तर चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल स्पंजासारखे होते. सत्रानंतर तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नये. इथे ऑटोमॅटिकवाल्यांची फसगत होते, कारण पुष्कळ गाड्या इंजिन बंद करताच इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक स्वतः लावतात. ही सोय मेन्यूतून बंद करावी, गाडी पीवर (पार्कवर) ठेवून चाकांखाली ठोकळे लावावेत. टायरची हवा ट्रॅकवर पाच ते आठ पीएसआय चढते, म्हणून मोजायची ती गरम असताना. टाकी पावच्या खाली नको, लांब वळणात पंपाला इंधन मिळत नाही. नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यावर.

गिअरबॉक्सच्या तेलाचा कालावधी रस्त्यासाठी दिलेला असतो. डीक्यू२५० ला ६०,००० किलोमीटर आहेत. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने तो निम्मा धरावा, असे आमचे मत. काही गाड्यांत क्लचचे तेल आणि गिअरचे तेल वेगळे असते. पातळी ठरलेल्या तापमानालाच पाहायची. डीक्यू२५० मध्ये ती ३५ ते ४५ अंशांना. जास्त भरले तर फेस होतो, कमी भरले तर लांब वळणात पंप हवा ओढतो आणि क्लचचा दाब पडतो.

तेव्हा संपादक महोदय, पुढच्या परीक्षणात दोन ओळी वाढवाव्यात. क्लच ओला की कोरडा, गिअरबॉक्सला स्वतंत्र कूलर आहे की इंजिनाच्या पाण्यावरच काम भागवले आहे, एममध्ये गाडी लिमिटर धरते का, किकडाउन बंद करता येतो का, आणि ट्रॅकवरच्या वापराने वॉरंटी जाते का. शक्य असेल तर सलग दहा लॅपनंतर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान छापावे, आणि त्याशेजारी त्या वेळचे हवेचे तापमानही, कारण १५ अंशांच्या सकाळी घेतलेला आकडा ३८ अंशांच्या दुपारी चालवणाऱ्याच्या कामाचा नसतो.

आपला,
एक वाचक