बाईंच्या वह्या आणि एक मागणं

प्रिय शमे,

सात महिने झाले तुझ्या पत्राला. राग धरला होता, पण पहिला महिनाभरच. पुढे नुसती लाज वाटत गेली. तब्येत ठीक. गुडघा आहे तसा आहे.

परवा, शाळेतल्या आपल्या बाईंच्या वाढदिवशी, त्यांच्या वह्यांची साइट सगळ्यांना पाठवली. तुला पाठवायला हात धजला नाही, ते पुढे सांगते. चौदा वह्या, प्रत्येकीला वेगळं पान, पानाच्या मधोमध वही उघडलेली. फुकटचा साइट बिल्डर आहे. बाजूच्या यादीतून चौकोन ओढून आणायचा, त्यात एम्बेड कोड, म्हणजे दुसरीकडची फाइल आपल्या पानात दाखवणारी ओळ, चिकटवायचा. पाच आठवडे रोज रात्री तेच करत होते. आणि पाठवल्यावर दहा मिनिटांत लंबूचा मेसेज, ‘अगं, इथे तर परवानगी मागतंय.’ मग चष्मिष्टाचा. मग बाईंच्या सुनेचा. चौदाच्या चौदा चौकोनांत नुसती करडी पाटी. माझ्याकडे मात्र सगळं लख्ख! वर्तुळाच्या त्या पहिल्या आकृतीतलं कंपासचं भोकसुद्धा दिसत होतं.

मी माझ्या खात्यात लॉगिन होते, म्हणून मला दिसत होतं. वह्यांच्या फाइली माझ्या गूगल ड्राइव्हवर आहेत, आणि तिथे स्वतः चढवलेली फाइल आपल्यापुरतीच असते, ‘रिस्ट्रिक्टेड’. साइट पब्लिश केली म्हणून आतल्या फाइली काही आपोआप खुल्या होत नाहीत. प्रत्येकीच्या शेअरमध्ये जाऊन ‘लिंक असलेला कोणीही’ आणि ‘व्ह्यूअर’ (नुसता पाहणारा) हे निवडावं लागतं. एकदा, फक्त एकदा इन्कॉग्निटोत, म्हणजे लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं. बाईंची सून वर्षभर या दिवसाची वाट बघत होती, तुला माहीत आहे. ‘असू दे गं, उद्या बघू,’ म्हणाली. फोन ठेवून मी रडले. घरी कोणाला सांगितलं नाही. चौदा टिचक्यांचं काम, त्यात रडण्यासारखं काय, असं म्हणाले असते.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

आपलं ते भांडण आठवतं? तू म्हणालीस, वह्या टाइप कर, मजकूर सरळ पानात घाल. मी म्हणाले, बाईंचं अक्षर गेलं तर मागे राहिलं काय? मग तू मला ‘फोटोफ्रेमवाली’ म्हणालीस आणि मी फोन आपटला. आता ऐक. त्या एम्बेड कोडचं खरं नाव आयफ्रेम. वेबपानं ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्या 1997 सालच्या चौथ्या आवृत्तीपासून तो अधिकृतपणे आहे. म्हणजे नाव तू बरोबर ठेवलं होतंस. हस आता मनसोक्त.

त्या फ्रेममधलं काहीही माझ्या पानात नसतं गं. ते दुसरीकडचं, दिसतं फक्त इथे. हे मला पाठ होतं, कळलं मात्र परवा रात्री. वरच्या वर्गातला तो आठवतो का, ज्याला बाई कागदाच्या घड्या घालून त्रिकोण हाताला लावून दाखवायच्या? परवानग्या सुधारल्यावर त्याने साइट उघडली. त्याला दिसत नाही म्हणून पडदा वाचून दाखवणारा त्याचा स्क्रीन रीडर शीर्षक वाचतो, मग ‘फ्रेम’ म्हणतो आणि पुढे गप्प. वही म्हणजे हस्ताक्षराचे फोटोच की! त्यांत वाचण्याजोगं एकही अक्षर नाही. इतक्या सौजन्याने त्याने विचारलं, ‘बाईंनी माझ्या घड्यांबद्दल काही लिहिलंय का?’ लिहिलंय, शमे. सहाव्या वहीत, दोन पानं. ती त्याच रात्री टाइप केली आणि फ्रेमच्या वर घातली. तू म्हणत होतीस तसं. आता एकेक वही करते आहे. अक्षरही राहील आणि मजकूरही. आकृत्यांचं वर्णन शब्दांत लिहिणं फार अवघड जातंय, तिथे तुझी मदत लागेल.

बाकीच्या खटपटी थोडक्यात, कारण तू तुझ्या शाळेचं पान करणार होतीस. कोडमधल्या लिंकच्या शेवटी ‘व्ह्यू’ असेल तर चौकोन रिकामा राहतो, तिथे ‘प्रीव्ह्यू’ हवं. फ्रेमची उंची फोनवर तपास. पान सरकवायला जावं तर बोट वहीत अडकतं. खाली साधी लिंकही दे. आणि फाइल सुधारायची असेल तर जुनी काढून नवी चढवू नकोस, लिंक बदलते आणि फ्रेम ओस पडते. ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून बदललीस की लिंक तीच राहते. तिसरी वही मी अशीच घालवली होती.

आता मुख्य गोष्ट. चौदाही वह्या माझ्या एकटीच्या खात्यात आहेत. दोन वर्षं कोणी वापरलंच नाही तर असं वैयक्तिक खातं सामग्रीसकट काढून टाकलं जाऊ शकतं, हा नियम 2023 मध्ये आला. मी आजारी पडले, विसरले, किंवा गेले, तर साइटवर बाईंचं नाव राहील आणि खाली चौदा रिकामे चौकोन. परवा ती करडी पाटी पाहिल्यापासून हेच डोळ्यांपुढे येतंय. मूळ वह्यांना वाळवी लागली आहे, सून म्हणाली, पहिल्या दोन हातात धरवत नाहीत.

त्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे. किती महिने सामसूम राहिली की कळवायचं ते आपण ठरवायचं. मग आपण नेमलेल्या माणसांना मेल जाते आणि ठरवलेली सामग्री त्यांना उतरवून घेता येते. दहा जणांपर्यंत नेमता येतात. मी सहा महिने ठेवलेत आणि एकच नाव घातलंय. तुला न विचारता. लंबू सज्जन आहे पण मेल उघडत नाही, चष्मिष्ट उघडेल आणि पुढच्या वर्षी वाचेल. शिवाय बाईंच्या वह्या भांडून मागणारी तू एकटीच होतीस.

सगळ्या वह्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवरही पाठवते आहे, साइटची लिंक सोबत. आधी सहावी वही उघड.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल लागला का? आईंना नमस्कार सांग, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल एव्हाना.

नको असेल तर तसं कळव, नाव काढते. पण काढायला लावू नकोस.

तुझीच,
फोटोफ्रेमवाली