कॅमेरावाल्या काकांना, ब्लोअरसकट

आदरणीय काका,

सा. नमस्कार. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही “बरं बरं, पुढचं गिऱ्हाईक उभंय” म्हणून मला हाकललं असतं, म्हणून लिहितेय.

जूनमध्ये बाबांचा जुना कॅमेरा दुरुस्तीला आणला, तेव्हा पिशवीत एक बाहुलीही होती. ‘बाहुली’ हा तुमचा शब्द. आम्ही तिला नेंडोरॉइड म्हणतो: जपानी कंपनीची, भलं मोठं डोकं, उंची जेमतेम 10 सेंटिमीटर. माझ्याकडे अशा 23 आहेत आणि घरात त्यांना एकत्रितपणे ‘पसारा’ म्हणतात.

समोरचा रस्ता खणलेला, शिवाय स्वयंपाकघर लागूनच. फोडणीचा धूर आणि सिमेंटची धूळ मिळून जो चिकट थर बसतो, तो फडक्याने नुसता पसरतो. मी शहाणपणा करून आईचं नेलपेंट काढायचं लिक्विड लावलं होतं. मळ निघाला, सोबत डावी भुवईही निघाली.

तुम्ही हसला नाहीत. डोळ्याला भिंग लावून तिला लेन्ससारखीच उलटसुलट पाहिलीत, बोट फिरवलंत आणि म्हणालात, “ही सगळी धूळ नाही. प्लास्टिकच सुटतंय.” मऊ पीव्हीसीत लवचिकपणासाठी तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते वर्षानुवर्षं, उकाड्यात जास्तच, पृष्ठभागावर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. जुन्या कॅमेऱ्याची रबरी पकडही चिकट होते, ती काढून दाखवलीत. स्पिरिट, थिनर काही लावायचं नाही, रंग जातो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. कढत पाणी नाही, हातपाय वाकतील. मग पंख्याखाली सांध्यांतलं पाणी सुकेपर्यंत कपाटात ठेवायची नाही. आणि तोंडाने फुंकर मारायची नाही! (हे तुम्ही जवळजवळ ओरडूनच सांगितलंत. थुंकीचे डाग लेन्सवर काय करतात, हे पाहून पाहून वैतागला असाल.)

रविवारी सगळ्यांना अंघोळ घातली. चेहऱ्याचे तुकडे (ते सुटे निघतात) मात्र पाण्यात बुडवले नाहीत, ओल्या कापसाने टिपले. आजोबांच्या काचेच्या कपाटाच्या फटींना खिडकीला लावतात ती फोमची पट्टी लावली. तुम्ही म्हणालात तसं दार पंधरा दिवसांनी थोडा वेळ उघडं ठेवते, नाहीतर प्लास्टिकमधून सुटलेली वाफ आतच कोंडते. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी धरायची, तिथे आता सिलिका जेलच्या पुड्या आहेत. कपाटही खिडकीसमोरून हलवलं, पण ते उशिरा सुचलं: एकीचे पांढरे केस उन्हाने पिवळे पडलेत, ते काही परत येत नाहीत.

आता आठवड्यातून एकदा तुमचा दाबून हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि मेकअपचा मऊ ब्रश, पाच मिनिटांत काम होतं. आई परवा कपाटासमोर उभी राहून म्हणाली, “चेहरे आहेत की गं यांना!”

पैसे विचारले तर फक्त कॅमेऱ्याचे घेतलेत. ब्लोअर मात्र “वापरून आणून दे” म्हणून दिला होतात, त्याला चार महिने झाले. शनिवारी घेऊन येतेय. भुवई गेलेलीलाही आणते, तुमच्याकडचा तो बारीक केसांचा ब्रश घेऊन काही जमतंय का बघा.

तुमची,
23 बाहुल्यांची मालकीण