गाणं आणि सिनेमा एका हॉलमध्ये नांदवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हॉलमध्ये गाणं आणि सिनेमा आता सुखानं एकत्र नांदतात, आणि ते तुमच्यामुळे. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता, म्हणून लिहायला बसलो. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण पंधरा बाय अकरा फुटांचा हॉल, त्यात गाण्याचं वेड असलेलं एक माणूस आणि सिनेमाचं वेड असलेलं दुसरं, अशी घरं पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्यांच्याही कामी यावं.

वरच्या मजल्यावर तुमच्याकडे आलो तेव्हा दोन दुकानांतले दोन टोकांचे सल्ले आमच्या डोक्यात होते. एकानं सांगितलं होतं, मोठा एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र) घ्या, छतात स्पीकर बसवू, सात-एक-चार (भोवती सात स्पीकर, खोल आवाजाचा एक सबवूफर, छतात चार) करू, गाणीही त्यातच वाजतील. दुसऱ्याकडे फक्त हाय-फायचं, म्हणजे गाणं ऐकायच्या स्टीरिओचं सामान होतं. सिनेमाचं नाव काढताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. टीव्हीखाली साउंडबार ठेवा आणि स्टीरिओला त्या भानगडीत ओढू नका, असा त्याचा निकाल. घरात कोण काय ऐकतं, हे दोघांनीही विचारलं नाही.

तुम्ही तेवढंच विचारलंत. आईजवळ बसलात, ती काय ऐकते, कधी ऐकते, रिमोट हातात धरायला तिला जमतो का, सगळं विचारून घेतलंत. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारी माझी आई, आता गुडघ्यांमुळे मांडवात जाऊन बसणं तिला शक्य नाही. तिची सीडींची आणि रेकॉर्ड्सची कपाटं बघून तुम्ही म्हणालात, "पुढचे दोन स्पीकर आईंचे. सिनेमा ते उसने घेईल." आमच्या घरातला वाद त्या वाक्यानं मिटला. तुम्ही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचं शिक्षण घेतलंत, सिनेमाच्या आवाजावर तुमचं घर चालतं, आणि तरी पहिला मान तुम्ही गाण्याला दिलात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग वहीच्या पानावर तुम्ही दोन चौकोन काढलेत, एक इंटिग्रेटेड स्टीरिओ ॲम्प्लिफायरचा (दोन स्पीकरना ताकद देणारा, पुढे नुसता 'ॲम्प'), एक एव्ही रिसीव्हरचा. पुढचे दोन टॉवर स्पीकर कायमचे स्टीरिओ ॲम्पला जोडायचे. संवादांचा सेंटर स्पीकर आणि बाजूचे दोन सराउंड स्पीकर रिसीव्हरला, सबवूफर रिसीव्हरच्याच सब-आउटला. दोन चौकोनांना जोडणारी वायरींची एकच जोडी: रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटमधून (पुढच्या स्पीकरांचा, अजून ताकद न दिलेला आवाज बाहेर देणारी जागा) निघून ॲम्पच्या 'होम थिएटर बायपास' इनपुटमध्ये जाणारी. सिनेमा लागला की ॲम्पचं व्हॉल्यूमचं बटण बाजूला होतं, ॲम्प नुसती ताकद पुरवतो, आणि पाचही स्पीकर रिसीव्हरच्या रिमोटनं एकत्र कमी-जास्त होतात. गाणं ऐकायचं असेल तेव्हा रिसीव्हर चालूच करायचा नाही. सीडी प्लेअर, रेकॉर्ड प्लेअर आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा) थेट स्टीरिओ ॲम्पला. आईला एक बटण दाबायचं आणि एक फिरवायचं, बस.

घरातल्या जुन्या ॲम्पला बायपास नसेल तर काय, हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं, ते इथे लिहून ठेवतो. साध्या ऑक्स इनपुटवरही हे जमतं. ॲम्पचं बटण एका जागी आणायचं, तिथे खूण करायची, त्या खुणेवरच रिसीव्हरचं सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाजाची जुळवणी, करायचं आणि सिनेमा लावताना दर वेळी बटण त्याच खुणेवर आणायचं. आणि ज्यांच्याकडे बायपास आहे त्यांच्यासाठी तुमची ताकीद: त्या इनपुटवर ॲम्प पूर्ण आवाजात उघडा असतो. चुकून कुणी सीडी प्लेअर तिथे जोडला तर स्पीकर आणि कान दोन्ही धोक्यात. आमच्या ॲम्पच्या पाठीवर त्या जागी तुम्ही लावलेली लाल टेप अजून आहे, आणि तशीच राहील.

सबवूफरबद्दल तुम्ही जे समजावलंत ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सिनेमासाठी टॉवर कितीही मोठे असले तरी रिसीव्हरमध्ये ते 'स्मॉल' ठेवायचे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात आवाज वाटणारी सीमा, ८० हर्ट्झवर (सेकंदाला ८० कंपनं). म्हणजे स्फोट, विमानं, गडगडाट यांचा ८० च्या खालचा भार सबवूफर उचलतो आणि टॉवर मोकळे राहतात. आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशननं आमचे टॉवर 'लार्ज' ठरवले होते, ते तुम्ही हातानं बदललंत. माझ्या मनात शंका होती की मग हेच सेटिंग गाण्याला का नको. तुम्ही तानपुऱ्याची रेकॉर्ड लावलीत. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ च्या आसपास, ८० च्या खाली. तिची जवारी, म्हणजे झंकार, मात्र हजारो हर्ट्झपर्यंत चढत जाते. क्रॉसओव्हर लावला की तार दोन ठिकाणी वाटली जाते: मूळ स्वर बराचसा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून, जवारी समोरच्या टॉवरमधून. स्टीरिओ ॲम्पवर ती पूर्णच्या पूर्ण एका जागी उभी राहते. आईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आता तानपुरा जमिनीवर टेकला." डग्ग्याची मींडही तशीच, खालपासून वरपर्यंत एका हातातून निघाल्यासारखी ऐकू आली. यापेक्षा चांगली कसोटी मला कुठल्याही दुकानात कुणी दाखवलेली नाही.

खोलीवर तुम्ही घेतलेली मेहनत तर आम्ही बघतच राहिलो. व्हिट्रिफाइड टाइल्स, कोऱ्या भिंती, एका बाजूला बाल्कनीची काच. टाळी वाजवलीत आणि तो झणझणता प्रतिध्वनी आम्हाला ऐकवलात. रोज त्याच खोलीत बोलत असून तो आमच्या कानांना कधी जाणवला नव्हता. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला होता, तो तुम्ही सोडवून बराच पुढे आणलात, इतका की ऐकणाऱ्याचा कान टीव्हीच्या भिंतीपासून दहा फुटांवर आला. डायनिंग टेबल सोफ्याच्या मागे गेलं, त्यावर घरात थोडी कुरकुर झाली आणि पहिला अभंग ऐकल्यावर ती थांबली. कारणही तुम्ही आकड्यांत सांगितलंत: पंधरा फूट लांबीच्या खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. अकरा फूट रुंदीत तोच प्रकार ५१ च्या आसपास. म्हणून भिंतीलाही टेकायचं नाही आणि मध्यावरही बसायचं नाही.

टॉवर एकमेकांपासून आठ फुटांवर, भिंतीपासून अडीच फूट पुढे, तोंडं किंचित आत वळवलेली. मग तुम्ही माझ्या मुलाच्या हातात आरसा दिलात आणि त्याला बाजूच्या भिंतीवरून तो हळूहळू सरकवायला लावलंत. सोफ्यावर बसून आरशात जिथे स्पीकर दिसला तिथून पहिलं परावर्तन येतं. एका बाजूला त्या जागी पुस्तकांचं कपाट आलं, बाल्कनीच्या बाजूला जाड पडदा. जमिनीवर सोलापुरी चादर अंथरली तर चालेल का, असं मी विचारलं होतं. पातळ कापड फक्त वरचे तीव्र स्वर शोषून घेतं आणि खालचे तसेच ठेवतं, त्यानं आवाज कोंदट होतो, असं सांगून तुम्ही जाड गालिचा आणायला लावलात. गाणं ऐकताना टीव्हीच्या काचेवर आजीची गोधडी टाकायची ही युक्तीही तुमचीच. आलेले पाहुणे तिच्याबद्दल विचारतात आणि मी त्यांना तुमच्याबद्दल सांगतो.

सबवूफरची जागा शोधताना तो सोफ्यावर ठेवून तुम्ही आणि माझा मुलगा जमिनीवर रांगत भिंतीच्या कडेकडेनं फिरलात. जिथे बास एकसारखा, न फुगता ऐकू आला, तिथे सबवूफर. त्याच जागेमुळे रेकॉर्ड प्लेअर समोरच्या कपाटावरून हलला. सिनेमाच्या वेळी सबवूफरची थरथर सुईपर्यंत पोहोचू नये, म्हणून तो बाजूच्या भिंतीतल्या फळीवर गेला. हाय-फाय आणि होम थिएटर यांचं खरं भांडण इथे होतं असं मला वाटतं, आणि ते एका फळीनं मिटलं.

सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे, ११० अंशांच्या आसपास, कानाच्या जरा वर. ते सहा फुटांवर आणि टॉवर साडेआठ फुटांवर, म्हणून रिसीव्हर त्यांना दोन मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशीर देतो. सगळे आवाज एकदम कानावर पडावेत म्हणून. सबवूफरचं अंतर मात्र रिसीव्हरनं प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं. आत्तापर्यंत मापानं ठीक करत आलेल्या मुलाला ते दुरुस्त करायचं होतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही त्याला थांबवून समजावलंत. पंखे बंद करून, तुमचा मीटर सोफ्यावर ठेवून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणलात. सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल गेला होता, तो पुढच्या कडेपर्यंत ओढून कानाच्या दिशेनं वर कलता केलात. संवाद तेव्हापासून स्वच्छ झाले. आता सबटायटल लावावी लागत नाहीत.

वायरींवरचा खर्च वाचवलात त्याचेही आभार. दाखवायला आणलेली महागडी केबल तुम्ही परत पाठवायला लावलीत आणि तपकीर गल्लीतून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणवलीत. पाच मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. वाचलेले पैसे टॉवरमध्ये घालायला सांगितलंत, आणि तिथे ते ऐकू येतात.

दोन यंत्रं जोडल्यावर जी घूं ऐकू येऊ लागली, तिनं आम्ही पार हवालदिल झालो होतो. आलेल्या इलेक्ट्रिशियननं प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकूया म्हटलं. तुम्ही फोनवरून "अजिबात नाही, जिवाशी खेळ आहे तो" म्हणालात आणि ऑफिसातून थेट आमच्याकडे आलात. सेट-टॉप बॉक्समधून भिंतीकडे जाणारी केबल उपटलीत, घूं बंद. दोन वाटांनी आलेलं अर्थिंग, त्यातून ५० हर्ट्झचं चक्र. केबलच्या मार्गात एक छोटा आयसोलेटर (अर्थिंगची ती दुसरी वाट तोडणारा) आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, इतक्यात काम झालं. तुम्ही वेळेवर आला नसता तर अर्थिंग नसलेल्या धातूच्या पेट्यांना आई रोज हात लावत राहिली असती. या एका गोष्टीसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

कपाटाच्या दाराच्या आत तुमच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आईसाठी तीन ओळी. खाली मुलासाठी: सुरू करताना रिसीव्हर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी. त्याखाली सगळी सेटिंग्ज तारखेसह, कुणी रिमोटशी खेळलं तर परत आणता यावीत म्हणून. रात्रपाळीचं मिक्सिंग आटोपून आलेल्या माणसानं शेजाऱ्यांसाठी हे इतक्या जिव्हाळ्यानं लिहावं, आणि त्याबदल्यात चहाशिवाय काही घेऊ नये, याला मी काय म्हणू?

आई आता दुपारी स्वतः उठून गाणं लावते. संध्याकाळी मुलगा आणि त्याचे मित्र सिनेमा बघतात, त्याआधी तो गोधडीची घडी करून ठेवतो. दोघं एकमेकांच्या वेळा सांभाळतात.

तुमच्या कागदाची प्रत समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला हवी आहे. त्यांचा हॉल चौदा बाय दहाचा, घरात सतार शिकणारी मुलगी. आकडे त्यांच्या खोलीप्रमाणे बदलावे लागतील हे त्यांना सांगितलंय. तुमची हरकत नसेल तर देतो. आणि येत्या रविवारी जेवायलाच या. आईनं पुरणपोळी करायची ठरवलीय, आणि नुकत्याच मिळालेल्या दोन जुन्या रेकॉर्ड्स तुमच्यासोबतच पहिल्यांदा लावायच्या, म्हणून तिनं अजून कव्हरातून काढलेल्या नाहीत.

आपला कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरचा शेजारी