वाडा जपायचा, पण कोणाच्या खर्चाने?

महोदय,

पुण्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडला की सर्वत्र हळहळ व्यक्त होते. परंतु तो उभा ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे कोणी विचारत नाही. सदाशिव पेठेतील एका वाड्याचा सहहिस्सेदार या नात्याने मी हे लिहीत आहे.

वाडा एका दिवसात पडत नाही. कौले सरकतात, पाणी भिंतीत मुरते आणि सागवानी तुळईचे भिंतीत गेलेले टोक आतल्या आत कुजते. खालून पाहिले तर कडीपाटाचे लाकडी छत ठणठणीत दिसते, पण टोकापाशी पहार लावली की हाती भुसा येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे हेच झाले. एक तुळई बदलण्यासाठी सुताराने सांगितलेली रक्कम चार बिऱ्हाडांच्या कित्येक वर्षांच्या भाड्याएवढी होती. १९४७ च्या कायद्याने गोठलेली भाडी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतरही वर्षाला केवळ ४ टक्क्यांनी वाढवता येतात. यात भाडेकरूंचा दोष नाही, गळके छत त्यांच्याही डोक्यावर आहे. त्यातच मेट्रो स्थानकांभोवती जादा चटईक्षेत्र, म्हणजे अधिक बांधकामाची मुभा, मिळू लागल्याने बिल्डरचा प्रस्ताव नाकारणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

नियम नाहीत असे नाही. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, मग त्या जागेवरच्या घराला काही ऐतिहासिक मोल असो वा नसो. तिथले रहिवासी मोडकळीस आलेल्या घरांत अडकून पडले आहेत आणि त्या रेषेपलीकडे मात्र नक्षीदार खांबांचे वाडे लाकडाच्या भावाने विकले जातात. केवळ अंतर मोजून वारसा राखला जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत, निर्बंधांमुळे न वापरता आलेले चटईक्षेत्र टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून विकण्याची वाट मालकाला दिली होती. पेठांतील वाड्यांसाठी हा मार्ग खरोखर सुलभ करावा, मात्र त्यातून येणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट घालावी. दुरुस्ती केलेल्या वाड्याला मिळकतकरात सवलत मिळावी आणि तळमजल्यावर खानावळ, अभ्यासिका किंवा छोटी दुकाने चालवण्याची परवानगी एकाच अर्जावर दिली जावी. आमचा साधा दुरुस्तीचा अर्ज तीन टेबलांवर फिरून परत आला, तोवर दुसरा पावसाळा उलटून गेला होता आणि शेजारची तुळईही खचली होती.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे