हॉर्न न वाजवता हॉर्न दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

“नाव टाकू नकोस, उगाच लोक फोन करत बसतात,” असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पुण्यात ज्यांच्या दारात अजून जुनी फियाट उभी आहे, ते ओळखतीलच. नाना पेठेत तुम्हाला ओळखत नाही असा फियाटवाला असेल तर त्याची गाडी अजून बिघडलेली नाही, एवढंच.

आधी थोडा राग काढून घेतो. आमची पद्मिनी, म्हणजे फियाटच, 1983 ची, बाबांनी घेतलेली, गिअर स्टिअरिंगलाच असलेली. तिचं दुखणं विचित्र होतं. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की कुणी हात न लावता हॉर्न सुरू व्हायचा आणि सरळ केलं तरी कधी थांबायचा, कधी नाही. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायची. सोसायटीच्या गेटातून आत वळणं म्हणजे वरात आणल्यासारखं. त्यात पासिंग तोंडावर आलेलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 5 वर्षांसाठी वाढवून मिळतं, आणि तिथे इन्स्पेक्टर हॉर्न दाबून बघणारच.

तुमच्याआधी एक महाशय आले. त्यांनी आमचा मूळ हॉर्न काढून सात सुरांत गाणारा भोंगा बसवला. असे बदलत्या सुरांचे हॉर्न मोटार वाहन नियमांत चालत नाहीत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसऱ्याने स्टिअरिंगची वायर सरळ तोडली आणि डॅशबोर्डखाली दारावरच्या बेलचं बटण ठोकून दिलं. वर “फर्स्ट क्लास झालं साहेब” म्हणाला. तिसऱ्या, बोर्डावर ‘व्हिंटेज स्पेशालिस्ट’ लिहिणाऱ्या गॅरेजने सगळं पूर्ववत जोडलं, दोष होता तसा परत आणला आणि अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलायचा आकडा सांगितला. कॉलम आणणार कुठून, हे विचारल्यावर “बघू” म्हणाले. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची कधीच बंद झाली, मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. एवढं तरी ‘स्पेशालिस्ट’ला ठाऊक असावं.

पण या सगळ्यांचा खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. प्रत्येकाने आमच्या पार्किंगमध्ये उभं राहून मनसोक्त हॉर्न वाजवला. पार्किंगला लागून आईची खिडकी. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला रात्रीची झोप नाही, दुपारी डोळा लागला तर लागला. मी सांगून पाहिलं. “हॉर्नचं काम आहे, हॉर्न वाजणारच ना?” असं उत्तर मिळालं. बिनतोड वाटावं असंच उत्तर!

तुम्ही आलात तेही भर दुपारी. स्कूटर गेटाबाहेर बंद करून ढकलत आत आणलीत, तेव्हा मला वाटलं पेट्रोल संपलं. पिशवी खाली ठेवलीत, गाडीकडे न बघता वर बघितलंत आणि विचारलंत, “या खिडकीत कोण झोपतं?”

काका, पत्र लिहायला बसलो ते या एका प्रश्नासाठी.

मी आईचं सांगितलं. तुम्ही “बरं” म्हणालात आणि हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून त्यांना इंडिकेटरचा एक जुना बल्ब जोडलात. “आता आवाजाच्या ऐवजी हा पेटेल. तू फक्त स्टिअरिंग फिरव.” मी उजवीकडे वळवलं, बटणाला हात न लावता, आणि बल्ब भक्कन पेटला. इतका गोंगाट करणारा दोष, आणि तुम्ही तो मला मुक्यानेच दाखवलात. या गाडीत हॉर्नला करंट कायम असतो, बटण फक्त अर्थिंग देऊन सर्किट पूर्ण करतं. ती बटणाची वायर कॉलमच्या नळीतून येते, चाळीस वर्षं पीळ खाऊन तिचं कव्हर तडकलं होतं आणि तांबं नळीला लागून परस्पर अर्थिंग मिळत होतं. हे तुम्ही कुजबुजत समजावलंत. पुढचं काम काय ते तुम्ही जाणता. नवी वायर, वर स्लीव्ह, झालं. मुळात कॉलमला काही झालंच नव्हतं.

घोगरा झालेला आमचा मूळ हॉर्नही तुम्ही पिशवीत घालून नेलात. “याचा सूर दुकानात लावतो. आमच्याकडे कितीही वाजवला तरी कुणाला फरक पडत नाही.” दुसऱ्या दिवशी आणून बसवलात. पैसे वायरीचे आणि किरकोळ मजुरीचे घेतलेत. जास्त द्यायला गेलो तर माझ्याच खिशात परत कोंबलेत.

तेव्हापासून मी माणसं जरा वेगळी बघायला लागलोय. गॅसची टाकी जिन्यात न आपटता ठेवणारा पोरगा, रात्री पॅसेंजर सोडताना गेटाशी इंजिन बंद करणारा रिक्षावाला. यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि कुणी शाबासकीही देत नाही. कारागिरी पैसे देऊन मिळते हो, पण खिडकीकडे बघणारा कारागीर नशिबानेच मिळतो. आणि ज्यांच्या पाट्या मोठ्या, त्यांच्यात तो कमीच सापडतो, असं माझं आता पक्कं मत झालंय.

त्या दिवशी साडेचारला आई उठली आणि म्हणाली, “ते हॉर्नवाले येणार होते ना? आज पण आले नाहीत का?”

पासिंग झालं. इन्स्पेक्टरने हॉर्न एकदाच दाबला आणि “ओरिजिनल आहे का?” विचारलं. मी तुमच्या वतीने हो म्हटलं. आता डिपरचा स्विच अडकतोय. घाई नाही, सवडीने या. पण या वेळी आईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते आता.

तुमचा,
पांढऱ्या पद्मिनीवाला