बाबा, त्याचं नाव काय होतं?

रिचमंड, व्हर्जिनिया
१२ जून

ति. आई आणि बाबा यांस,
सा. न.

मृग लागला तरी नागपुरात अजून थेंब नाही, असं आई परवा म्हणाली. कूलरची खस बदलून घ्या, आणि बाबांनी अकरानंतर उन्हात जाऊ नये. हे फोनवर सांगून झालंच आहे. पण पुढचं फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून कागद घेतला.

कादंबरीची पावणेदोनशे पानं झाली. बाबा, मागच्या दिवाळीत तुम्ही विचारलंत, "तिकडच्या काळ्या-गोऱ्यांचं तू मराठीत कशाला लिहून राहिली? आपला काय संबंध?" तेव्हा मी गप्प बसले. नंतर कळलं की १९४६ साली बाबासाहेबांनी इथल्या डु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले निग्रो आणि आपल्याकडचे अस्पृश्य यांच्या स्थितीत फार साम्य आहे, असं लिहून त्यांनी निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. डु बॉइसांनी उत्तरही दिलं. म्हणजे संबंध मी जोडलेला नाही, तो तुमच्या जन्मवर्षापासूनचा आहे.

माझी गोष्ट घडते ती फार्मव्हिल गावात, इथून सव्वा तासाच्या वाटेवर. तिथे काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं, १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधलेलं. १९५१ पर्यंत मुलं साडेचारशेच्या वर गेली. शाळा मंडळाने नवी इमारत दिली नाही. पटांगणात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. शेगडीजवळची मुलं भाजून निघायची, लांबची कोट घालून कुडकुडायची, आणि पाऊस आला की वर्गात छत्र्या उघडाव्या लागायच्या. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने युक्तीने मुख्याध्यापकांना एका फोनच्या निमित्ताने गावात पाठवलं, सगळ्या शाळेला सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. ते सभागृह अजून उभं आहे, आता तिथे संग्रहालय आहे. मी व्यासपीठासमोर बराच वेळ उभी होते. सोळाव्या वर्षी मला स्नेहसंमेलनात चार ओळी बोलताना घाम फुटायचा, ते आठवलं.

त्या संपातून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध ठरल्या. तर फार्मव्हिलच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, काय करावं? १९५९ मध्ये सरकारी शाळांचा पैसाच बंद केला. एकूण एक शाळांना कुलूप. गोऱ्यांसाठी लगेच खासगी शाळा निघाली. सरकारी शाळा १९६४ पर्यंत, पाच वर्षं, बंद होत्या आणि बहुतेक काळी मुलं शाळेवाचून राहिली. काही परगावी नातेवाइकांकडे गेली, काही शेतावर कामाला लागली, आणि काही परत वर्गात आलीच नाहीत.

माझ्या कादंबरीत शेताच्या बांधाला बांध लागून दोन घरं आहेत आणि दोन मैत्रिणी आहेत. सप्टेंबरात गोरी नवं दप्तर घेऊन निघते आणि काळी बांधावर उभी राहून बघते. गोरीच्या भावाचा जीव त्या बांधावरच्या मुलीवर आहे. पण १९२४ च्या कायद्याने काळ्या-गोऱ्याचं लग्न व्हर्जिनियात गुन्हा होता, एक ते पाच वर्षं तुरुंग. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या खऱ्या जोडप्याने १९५८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. पुढच्याच महिन्यात रात्री दोनच्या सुमारास शेरीफ त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. लग्नाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, म्हणाला. तुरुंग टाळायचा तर २५ वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही, असा निकाल झाला. ते लढले आणि १९६७ च्या १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी तो कायदा मोडीत काढला. आज तीच तारीख आहे.

हे सगळं लिहिता आलं. अडले ते गोऱ्या मुलीच्या बापाशी. तो खासगी शाळेच्या वर्गणीचा चेक फाडतो आणि मुलाला त्या मुलीचं नाव घरात काढू देत नाही. मी त्याला दुष्ट केला, ओरडायला लावलं, जेवणाचं ताट भिरकावायला लावलं. तीन वेळा लिहिला, तीनही वेळा पुठ्ठ्याचा झाला. मग एका रात्री त्याच्या हातात मी पेपर दिला आणि तो काहीच बोलला नाही. तेव्हा तो खरा झाला. आणि मला कळलं की मी कोणाला लिहून राहिले आहे.

आई, तुला आठवत असेल. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी तो मुलगा आपल्याकडे आला होता. तू तर्री-पोहे केले होतेस. तुला तो आवडला होता, "मुलगा किती निगुतीने बोलतो गं" असं तू आत येऊन म्हणालीही होतीस. मग दुसऱ्यांदा तर्री वाढताना विचारलंस, "आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितलं. तुझ्या हातातली पळी भरलेली होती, आई. ती पातेल्यात परत गेली. त्याने ते पाहिलं, उरलेले पोहे कोरडेच संपवले, बशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली आणि निघाला. बाबा, तुम्ही समोरच बसला होतात. तुम्ही पेपरचं पान उलटलंत.

आपल्या देशात त्याच्या-माझ्या लग्नाला कोणत्याच कायद्याची आडकाठी नव्हती. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, महिनाभर नोटीस लावायची आणि सह्या करायच्या. त्या नोटिशीपर्यंत आम्ही गेलोच नाही. त्या पळीपाशीच थांबलो. आज माझा संसार चांगला चालला आहे, जावई तुम्हाला प्रिय आहेत, मलाही आहेत. जुना हिशेब मागायला मी हे लिहीत नाही.

बाबा, मला बोलायचंय ते रांजणाबद्दल. मी दहावीत असताना एका रात्री लाइट गेले होते. गच्चीवर सतरंजी टाकून आपण दोघंच पडलो होतो आणि तुम्ही आपणहून सांगितलंत. महालातल्या वाड्यात ओसरीवर रांजण होता. तुमच्या वर्गातला दोस्त, ज्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, उन्हातून खेळून आला आणि तुम्हीच त्याला गडू भरून दिला. आजीने पाहिलं आणि रांजण अंगणात नेऊन फोडला. तो दाराशी उभा होता. पाणी वाहत त्याच्या पायापर्यंत गेलं, असं तुम्ही म्हणालात. नंतर त्याने वर्गात जागा बदलली. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, रविवारी, तुम्ही मोठ्या काकांचं बोट धरून रस्त्याच्या कडेला उभे होतात आणि दीक्षेला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं संपता संपत नव्हती. त्या लाखो माणसांत तुम्ही त्याला शोधत होतात. दहा वर्षांचे होतात तुम्ही.

मग पेपरचं पान का उलटलंत, बाबा? ते पाणी तुम्ही पाहिलेलं होतं. आईने पाहिलं नव्हतं, तिला तिच्या माहेरी जे शिकवलं तेच तिच्या हाताने केलं. तुमच्यावर मी जास्त रुसले, ते यासाठी. कित्येक वर्षं रुसले होते, तुम्हाला कळलंही नसेल. किंवा कळलं असेल.

आता कबुली द्यायची ती ही, की तुमची गोष्ट मी न विचारता त्या गोऱ्या बापाला देऊन टाकली आहे. तो लहानपणी अपोमॅटॉक्स नदीवर एका काळ्या मुलाबरोबर मासे धरायचा. एकाच डब्यातून दोघं खायचे. एक दिवस त्याच्या आईने तो डबा नदीत फेकला. चेकवर सही करताना त्याला तो डबा दिसतो, तरी तो सही करतो. ते पान लिहून झाल्यावर मी खूप रडले आणि तुमच्यावरचा राग बराचसा वाहून गेला. तुम्हाला चालत नसेल तर सांगा, मी ते काढून टाकीन. कादंबरी लंगडी झाली तरी चालेल.

आणि एक मागायचं आहे. त्या रात्री गच्चीवर तुम्ही त्याला "माझा दोस्त" एवढंच म्हणालात. नाव सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. माझ्या वहीत बापाच्या त्या मित्राच्या नावाच्या जागी अजून नुसती रेघ आहे. त्याला इंग्रजी नावच द्यावं लागेल, तुमच्या दोस्ताचं नाव मी छापणार नाही. ते मला माझ्यासाठी हवं आहे.

मी दसऱ्याला येते आहे, तिकीट काढलं. तुमच्या शाळेचं जुनं रजिस्टर कुठे मिळतंय का, ते दोघं मिळून पाहू. तो असला तर ७८ वर्षांचा असेल, तुमच्यासारखाच सकाळी फिरायला जात असेल. पण नाव मला त्याआधी कळवा. फोनवर नको, तुमच्या हाताने लिहून पाठवा.

तुमची लेक

ता.क. आई, हे पत्र बाबांना तू वाचून दाखव. त्यांचा चष्मा अजून दुरुस्तीला आहे ना? पोह्यांचा भाग आला की थांबू नकोस, पुढे वाच.