हिशोब लागतो का, ते बघ

प्रिय मनू,

"आई, फोनवर वाद घालू नकोस, लिहून पाठव," असं परवा म्हणालीस, म्हणून लिहायला बसले. बंगळूरला जाताना बॉक्स-बेडमध्ये कोंबून गेलेली तुझी पुस्तकं मी या पावसाळ्यात एकामागून एक वाचून काढली. घोडबंदर रोडला पाऊस आणि ट्रॅफिक एकत्र आले की बाहेर पडण्यात अर्थ नसतो, आणि बाबांनी टीव्ही अडवलेला असतो. तुझं म्हणणं, ते शाळा-कॉलेजातलं वेड होतं, आता सगळं देऊन टाक. सगळं देणार नाही. काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते मी ठरवलंय.

नोकरीभर वागळे इस्टेटीत बसून दुसऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या तपासल्या. त्यामुळे थ्रिलर असो, डिटेक्टिव्ह असो की तुमची ती डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भविष्याची मालिका, माझा पहिला प्रश्न ठरलेला: यांचं भागतं कसं? धान्य कोण पिकवतं, बिल कोण भरतं, कचरा कोण उचलतं? तू हसशील, पण ज्या लेखकाने याचं उत्तर मनाशी पक्कं केलेलं असतं त्याचा खून, पाठलाग, क्रांती सगळं खरं वाटतं. ज्याने केलेलं नसतं तो तिसऱ्या भागात हमखास उघडा पडतो.

'हंगर गेम्स' म्हणूनच माझ्या कपाटात राहणार. पोरांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावतात, ही कल्पना ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण पहिल्याच प्रकरणात ते टेसेराचं आलं आणि मी सरळ होऊन बसले. आठवतंय ना? रिंगणात कोण जाणार ते पेटीतून चिठ्ठी काढून ठरतं. बारा वर्षांचं झालं की आपल्या नावाची चिठ्ठी एकदा पडते, मग दरवर्षी एक वाढते, आणि जुन्या चिठ्ठ्या तशाच राहतात. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल घ्यायचं, हाच टेसेरा. नायिका कॅटनिस सोळाची, तिची चिठ्ठी २० वेळा. तिचा मित्र गेल अठराचा, त्याची ४२ वेळा. मी पेन्सिल घेतली. तिच्या स्वतःच्या ५; आई, बहीण आणि ती अशी तीन माणसं गुणिले पाच वर्षं, १५. झाले २०. गेलच्या ७, घरात पाच माणसं गुणिले सात वर्षं, ३५. झाले ४२. ताळा जुळला! सुझान कॉलिन्सने हे आकडे उगाच ठोकून दिलेले नाहीत. आणि ज्या बहिणीला कॅटनिसने एकदाही धान्यासाठी नाव घालू दिलं नाही, जिची अख्ख्या पेटीत एकच चिठ्ठी, तीच निघते.

हे वाचताना मला कोपरीचं रेशनचं दुकान आठवलं. तुझ्या आजीबरोबर रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभी राहायचे मी. आपला नंबर येईस्तोवर साखर संपली, की आजी दुकानदाराशी भांडायची नाही. पुढे पुन्हा त्याच्याच दारात जायचं असायचं. पॅनेम या त्यांच्या देशात बारा जिल्हे राजधानी कॅपिटॉलविरुद्ध लगेच का उठत नाहीत, असं तू आठवीत विचारलं होतंस. त्याचं उत्तर त्या धान्यात आहे. शिवाय लेखिकेने एक बारीक गोष्ट दाखवलीय: ज्यांना टेसेरा घ्यावाच लागत नाही त्यांच्यावर गेल चिडतो, म्हणजे गरीब माणूस जरा कमी गरिबावर राग काढतो आणि कॅपिटॉल मजेत राहतं.

आपला खरा वाद तिसऱ्या भागावरून. तुझ्या मते 'मॉकिंगजे' रडका, लांबलेला आणि शेवट फसलेला. मला तोच सगळ्यात पटला. नीट बघ. गेल आणि बंडखोरांचा तंत्रज्ञ बीटी मिळून एक सापळा आखतात: आधी एक स्फोट, मग जखमींना उचलायला माणसं धावली की दुसरा. तेव्हा ते नुसतं कागदावर असतं. पुढे कॅपिटॉलच्या मुलांवर नेमका तसाच स्फोट होतो आणि मदतीला धावलेल्यांत कॅटनिसची बहीण प्रिम असते. बॉम्ब कोणाचा होता, हे गेललाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मग बंडखोरांची ती अध्यक्षबाई, कॉइन, जिंकल्यावर पहिलं काय सुचवते? कॅपिटॉलच्या पोरांचे एकदा खेळ होऊन जाऊ देत. कॅटनिस हो म्हणते आणि नंतर कॅपिटॉलचा अध्यक्ष स्नो याला मारायचा बाण मात्र कॉइनवर सोडते. तू म्हणतेस, ती हो का म्हणाली ते लेखिकेने धड सांगितलं नाही. नाहीच सांगितलं, आणि बरं केलं. कॉइनला गाफील ठेवायला म्हणाली असेल. पण बहीण नुकतीच जळून गेलेल्या मुलीच्या तोंडून तो हो अगदी खराही निघाला असेल. त्या क्षणी तिचा तिलाच भरवसा नसावा, असं मला वाटतं. असल्या ठिकाणी लेखकाने बोट धरून समजावत बसू नये.

कॅटनिसने पीटा निवडावा की गेल, यात मला रस नाही. पीटाला निदान पाव भाजता येतो.

'डायव्हर्जंट' मात्र दे. शिकागो शहर, पाच गट, सोळाव्या वर्षी एक गट निवडायचा. मांडणी छान आहे, पहिला भाग मी एका बैठकीत संपवला. पण बघ, सफाई, बस चालवणं, कापड विणणं ही सगळी कामं कोण करतं? कोणत्याच गटात नसलेली माणसं. आपल्या सोसायटीत घंटागाडी दोन दिवस आली नाही तर सेक्रेटरीचा फोन वाजायचा थांबत नाही, आणि त्या शहरात ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांना पहिल्या भागात जेमतेम जागा मिळते. दुसऱ्या भागात लेखिका त्यांच्याकडे वळते, पण तोवर नुसते गोळीबार सुरू झालेले असतात. तिसऱ्यात कळतं की अख्खं शहर म्हणजे बाहेरच्यांनी चालवलेला प्रयोग. म्हणजे लेखिका हिशोबातून सुटली! नायिका ट्रिस मरते म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मला तिच्या मरण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की त्या भागात एक प्रकरण ट्रिस सांगते, एक तिचा प्रियकर फोर सांगतो, आणि वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते कळत नाही.

'मेझ रनर'बद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जगाचा अंत होत असताना पोरांना कोंडलेल्या चक्रव्यूहाच्या एवढ्या मोठ्या भिंती हलवण्यासाठी निधी कोणी मंजूर केला, इथेच माझी गाडी अडली. दे.

या सगळ्यांपेक्षा जुनं ऑर्वेलचं '१९८४' मी परत वाचलं. मालिका नाही, एकच पुस्तक, १९४९ सालचं. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात, आणि दुसऱ्याच दिवशी ते वाढवून आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल आभाराच्या मिरवणुका निघाल्याची बातमी येते. नायक विन्स्टन आजूबाजूला बघतो, तर लोकांनी ते गिळलेलं. आणि त्याची नोकरी काय? जुन्या वर्तमानपत्रांतले आकडे बदलायचे. मागच्या तारखेला नोंद फिरवणारे मीही पाहिलेत, पण ते निदान दार लावून घ्यायचे. कॅमेरे, टेलिस्क्रीन वगैरेंपेक्षा मला या चॉकलेटची भीती वाटली.

आता डिटेक्टिव्ह. तुझ्या मते अगाथा ख्रिस्तीबाई म्हाताऱ्यांचं वाचन. असू दे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, तो स्वतःही असल्या कादंबऱ्या लिहायचा. त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे. माझ्या भाषेत, व्हाउचरशिवाय नोंद नाही. ख्रिस्तीबाई हे पाळतात. 'रॉजर ॲक्रॉइड' संपल्यावर मी चिडून मागची पानं उलटली, तर सगळं छापलेलं होतं, फक्त मी त्यावरून घसरत गेले होते. ते तुला देणारच नाही, आधी वाच, मग बोलू. एका बाबतीत मात्र बाई सपशेल अडकल्या. त्यांचा डिटेक्टिव्ह पॉयरो १९२० च्या पहिल्याच कादंबरीत बेल्जियन पोलिसांतून निवृत्त झालेला आहे, आणि १९७५ पर्यंत तो खुनी पकडतोय. वय मोजायला गेलं तर शंभरी केव्हाच उलटली! त्याच्या मरणाची कादंबरी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातच लिहून कुलपात ठेवली होती. ती आली तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पॉयरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. माणूस काल्पनिक, मृत्युलेख खरा.

डॉयलला एवढा धीर नव्हता. होम्सला संपवायचं त्याने १८९१ मध्येच मनावर घेतलं होतं, पण त्याच्या आईने दटावलं म्हणून लांबलं. (बघ, आईचं ऐकतात लोक.) अखेर १८९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकललाच. गंमत म्हणजे आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच वर्षीचं. पुढे वाचकांनी सळो की पळो केल्यावर १९०३ मध्ये होम्स परत आला, आणि तेव्हापासून मालिकेतल्या कुठल्याही मरणावर माझा विश्वास बसत नाही.

तुझ्या आजोबांना मरणाबिरणाची पर्वा नव्हती. ते अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईकांचे भक्त. दोघांनीही हजारावर पुस्तकं लिहिलेली, त्यामुळे साठा संपायची चिंता नाही. ठाणे लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली की झुंजार नाहीतर काळा पहाड बाहेर निघायचा. भाड्याने आणलेलं पुस्तक रात्रीपर्यंत परत करायचं असायचं, म्हणून आम्ही भावंडं त्यांच्या पाठीमागे उभं राहून वाचायचो आणि ते पान उलटायची घाई करायचे. तिथे हिशोब बघत नाही मी. दीडशे पानांत माणूस दोनदा वेषांतर करतो आणि सुटतो, तिथे बिल कोण भरतं हे विचारायला सवड कुठे असते.

जॅक रीचर तसा त्याच घराण्यातला, फक्त सहा फूट पाच इंच. हा माणूस घडीचा टूथब्रश घेऊन अमेरिकाभर हिंडतो. घर नाही, बॅग नाही. कपडे तीन-चार दिवस घालतो, फेकतो, नवे घेतो. धुणं नाही! ज्याने कोणी हा नायक घडवला त्याच्या घरी दोऱ्या पावसाळ्यात भरलेल्या नसणार. तरी वाचवतं, कारण कोपर कुठे आणि किती जोरात मारायचं याचं गणित ली चाइल्ड मन लावून करतो. २०२० पासून त्याने भावाला जोडीला घेतलंय, त्यानंतरचे भाग मला पातळ लागले. पहिले चार ठेवते.

'ड्रॅगन टॅटू'वाल्या स्टीग लार्सनचे तीन भाग ठेवते आणि पुढचे देते. तो बिचारा २००४ मध्ये लिफ्ट बंद म्हणून जिने चढून ऑफिसात गेला आणि गेलाच. पुस्तक छापून आलेलं त्याने पाहिलंही नाही. पुढचे भाग दुसऱ्यांनी लिहिले. दुसऱ्याच्या वहीत आपल्या अक्षरात नोंदी केलेल्या लगेच कळतात. त्याची नायिका सॅलँडर सोंग घेऊन झुरिकच्या बँकांतून एका लबाड उद्योगपतीचे पैसे वळते करते, तो भाग मी दोनदा वाचला, काय सफाई आहे! आणि दुसऱ्या भागात ती घरासाठी आयकियातून काय काय आणते त्याची यादी आहे ना, जी तू "बोअर" म्हणून ओलांडलीस? भिकेला लागलेल्या बाईच्या हातात एकदम पैसा आला की ती काय घेईल, ते त्या यादीत कळतं. परत वाच.

कॉलिन्सचा स्नोच्या तरुणपणाचा भाग वाचला. मोठं घराणं, आणि घरात कोबी उकळून खातायत, वास बाहेर जाऊ नये याची धास्ती. तो कोबी मला पटला. त्यानंतरचा, कॅटनिसचा गुरू हेमिच याच्या वेळचा, २०२५ मध्ये आलेला भाग तुझ्याकडे आहे म्हणालीस. दिवाळीला येताना घेऊन ये, विकत घेऊ नकोस म्हणतेस तर घेत नाही. बाकीची द्यायची पुस्तकं दोन पिशव्यांत बांधून दाराशी ठेवली आहेत. रविवारी बाबा ग्रंथ संग्रहालयात विचारून येतील, घेतात का ते. त्याआधी एखादं काढून ठेवायचं असेल तर शनिवारपर्यंत कळव, आणि 'डायव्हर्जंट' म्हणणार असशील तर कारण लेखी पाठव.

तुझी,
आई